बुडीचा डाव

वैशाख शुद्ध प्रतिपदा, शके १८४९. सोमवार. अकोला.

या जगात न्याय नाही. निदान बडनेऱ्याच्या फलाटावर तरी नाही. गाडी बदलताना माझ्या पगडीच्या पेटीवर एक गृहस्थ बसले आणि पगडीला कायमचा पोचा आला. जाब विचारला तेव्हा म्हणाले, 'मले वाटलं टरबुजाची टोपली हाय.' टरबुजाच्या टोपलीवर तरी कोणी बसते काय? ब्रह्महत्येला, सुरापानाला, फार काय समुद्रपर्यटनालाही शास्त्रात प्रायश्चित्त सांगितले आहे, पगडीहत्येला नाही. स्मृतिकारांनी आगगाडीचा प्रवास केलेला नसावा.

बाकी सर्व आनंद. आमच्या अमरावतीच्या साप्ताहिकाच्या चालकांनी मला उन्हाळाभर इकडे धाडले आहे, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खाऱ्या विहिरींवर बातमीपत्रे लिहायला. सारा जन्म व्याकरण घोकलेला मनुष्य पाण्यावर काय लिहिणार, असे मी विचारले. तेव्हा, आजवर हवेवर लिहीत आलात, आता पाण्यावर लिहा, असे उत्तर मिळाले.

उतरलो आहे मोर्णेच्या काठी, पंजाबराव माळी यांच्या मळ्यात. ओसरीला लागून खोली, खिडकीखाली मोगऱ्याचे वाफे, पलीकडे वांगी, त्याही पलीकडे गोड्या पाण्याच्या विहिरीवर मोट. घरामागे आणखी एक विहीर आहे, खारी. तिच्यावर फळ्या टाकलेल्या. पंजाबराव साठीचे, बोलणे रोखठोक, मिशा त्याहून. त्यांच्या पत्नी पार्बताबाई यांनी आल्याआल्या विचारले, 'आमच्या हातचं चालन का महाराज?' मी म्हटले, भाकरीला जात नसते, मिरचीला मात्र असते, तेवढी सांभाळा. त्यांनी ती सांभाळलेली नाही. कान अजून गरम आहेत.

आमच्या सौ. दुर्गाबाई पौर्णिमेला येणार. मी नसताना घर किती शांत असते ते जरा उपभोगते आणि मग येते, असा त्यांनी मला प्रेमळ निरोप दिला.

वैशाख शुद्ध द्वितीया, मंगळवार.

दुपारी या गावात माणसे राहत नाहीत, मुरतात. जेवणे झाली की दारेखिडक्या लावून वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारतात आणि सगळे माजघरात येऊन बसतात. उजेड हिरवट होतो, सुवास ओला. मला वाटले आता झोप. तर पंजाबरावांनी कोनाड्यातून एक गुंडाळलेला पट काढला.

पट म्हणजे जाडसर कापडावर रंगवलेला समुद्र. वर काठ, तिथून घराघरांनी खाली खाली जात काळा तळ, मध्ये मासे. माशांना पापण्या आहेत. या घरात समुद्र कोणीच पाहिलेला नाही, त्यामुळे माशांबद्दल तक्रारही नाही. खेळाचे नाव बुडी. कवड्या टाकायच्या आणि पडेल तितकी घरे आपली सोंगटी खाली न्यायची. घरांत चिंध्यांची इवलाली गाठोडी ठेवलेली असतात. तो बुडालेला खजिना. हवे ते उचलावे आणि परत काठावर यावे. मात्र जितकी गाठोडी हातात, तितकी घरे दानातून वजा.

खरी गंमत पुढे आहे. सगळ्यांचा श्वास एकच. घंगाळात घटिकापात्र सोडतात, लग्नात मुहूर्ताला सोडतात तेच, तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. ती बुडाली की जे खाली राहिले ते मेले. आणि जो गाठोडे उचलील त्याने वाटीत एक खडा टाकायचा, म्हणजे वाटी लवकर बुडते. हाव एकाची, गुदमरायचे सर्वांनी. एकत्र कुटुंबावर इतके नेमके भाष्य मी कुठल्याही ग्रंथात वाचले नाही.

पार्बताबाई नवऱ्यावर ओरडत होत्या, 'ठेवा न थे खाली! तुमच्या हावरेपनापायी मी मरून राहिली अन्!' पंजाबराव शांतपणे खडा टाकत म्हणाले, 'मर न मंग. काठावर तरी निवांत बसू दे.'

पट चौघांचा आहे, खेळणारी तिघे. तिसरी जयवंता, पंजाबरावांची धाकटी भावजय. चौथा पाट रिकामा. त्याची काळी सोंगटी तळाशी पडून असते. तिला कोणी हात लावत नाही.

मी विचारले आणि पंजाबरावांनी सगळे सांगितले. पेंढाऱ्यांच्या धामधुमीत कोण्या पूर्वजाने घरचे डागिने मागच्या खाऱ्या विहिरीत सोडले. पुढच्या प्रत्येक पिढीने ते काढायला बुड्या मारल्या. पोरांना वेळेवर माघारी वळण्याची सवय लागावी म्हणून हा खेळ एका आजोबांनी बसवला. पंजाबरावांचा धाकटा भाऊ भगवंत खेळात नेहमी हरायचा. हाव फारशी नव्हती. वळायचे कधी, ते त्याला कळत नसे. तो वीस वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात विहिरीत उतरला तो वर आला नाही. देहही नाही.

मी कैलासवासी भगवंतरावांबद्दल दोन शब्द बोललो. जयवंताच्या कपाळावर ठसठशीत कुंकू आहे, ते मी तोवर नीट पाहिले नव्हते. ती खाली मान घालूनच म्हणाली, 'कैलासवासी नाई म्हनू महाराज. थे खाली हायेत.'

वैशाख शुद्ध तृतीया, बुधवार. अक्षय्य तृतीया, इकडची अखाजी.

आज मी पितर झालो. यांचे जोशी बाळापूरला थोरल्या यजमानाकडे गेले. मग पितरांच्या घागरी घ्यायला ब्राह्मण कोण, तर घरात आयता उतरलेला. मातीच्या घागरी, वर आंबा, शेजारी पुरण. यांच्या आजापणजांच्या वतीने मी इतकी तहान भागवून घेतली की पितृलोकात आता चिखल झाला असेल.

भगवंतरावांची घागर मात्र नव्हती. विचारले. पार्बताबाई म्हणाल्या, 'तहानेल्या पितराले पानी द्याचं. जो पान्यातच हाय त्याले घागर देऊन काय थट्टा कराची का त्याची?' मग त्याला काय देता? 'दम देतो. आमी इकडे खेळतो तवा थो तिकडे दम घेते.' म्हणून रोज दुपारी पट मांडतात. ऐकून मन भरून आले. आपल्या सगळ्या श्राद्धविधीत मृताच्या गरजेचा इतका विचार कोणी केलेला नाही.

दुपारी पंजाबरावांनी हात जोडून विनंती केली, की आज महाराजांनी भगवंताच्या पाटावर बसावे. यात मला वावगे काय वाटणार? श्राद्धाला ब्राह्मण यजमानाच्या बापाच्या जागीच बसतो. मी अनेकांचा बाप होऊन जेवलो आहे. बसलो. जयवंताने ती काळी सोंगटी माझ्या तळहातावर ठेवली आणि वरून पळीभर पाणी सोडले.

आता सवय ती सवय. तळहातावर पाणी पडले की आमच्या जातीच्या तोंडून शब्द आपोआप निघतो. मी खणखणीत म्हणालो, प्रतिगृह्णामि. पार्बताबाईंनी अर्थ विचारला. 'हे मी स्वीकारले,' असे सांगितले.

जयवंताने पदर तोंडात धरला. माझा उच्चार चुकला की काय असे क्षणभर वाटले, पण तो ओळखणारा अकोल्यात कोण आहे!

खेळलो. पाहुण्याने संकोच करू नये म्हणून दिसेल ते गाठोडे उचलले. वाटी बुडाली तेव्हा तिघे काठावर होते आणि मी तळाशी. हरणाऱ्याने पाणी भरायचे असते. मला कोणी भरायला सांगितले नाही. पट गुंडाळलाही नाही. पंजाबराव माझ्यापेक्षा वयाने थोर, ते माझ्या पाया पडले.

वैशाख शुद्ध पंचमी, शुक्रवार.

काल प्रकृती ठीक नव्हती म्हणून लिहिले नाही. आज दर्यापूरकडच्या विहिरी पाहायला मोटारीने जाणार होतो. भाजीबाजारापर्यंत पोचलो आणि श्वास संपला. लागला असे नव्हे, संपला. छाती हलत होती, आत काही येत नव्हते. एका माळणीने मला तिच्या पोत्यावर बसवले, पदराने वारा घातला आणि माझ्या खाण्यापिण्याबद्दल काही अनुमाने मोठ्याने मांडली. घराकडे वळलो तसा श्वास परत आला. घराजवळ तर मी गुणगुणत होतो.

दुपारी कवड्या चांगल्या पडल्या. संध्याकाळी स्टेशनच्या रस्त्यापर्यंत पोरासारखा चालत गेलो. हवापालट मानवतो आहे म्हणायचा.

वैशाख शुद्ध सप्तमी, रविवार.

मी न्यायशास्त्र शिकलो आहे. एक असता दुसरे असते, एक नसता दुसरे नसते, तर त्यांचा संबंध मानावा. दान मोठे पडले की मी दूर जाऊ शकतो. लहान पडले की फाटकाशी गुदमरतो. आज कवड्या साऱ्या पालथ्या पडल्या आणि ओसरीची पायरी उतरता आली नाही. धूर आहे तेथे अग्नी आहे. हे अनुमान विद्यार्थ्याने केले असते तर मी त्याला शाबासकी दिली असती.

पंजाबरावांना विचारले. ते खोटे बोलणारे नव्हेत, हेच वाईट. म्हणाले, आजवर त्या पाटावर जावई बसले, शेजारी बसले, पण ते खेळायला बसले. घेतले कोणी नाही. 'तुमी घेतलं महाराज. वरतून शास्तरातलं बोलून घेतलं.' तुम्ही मला आधी का सांगितले नाही, असे मी विचारले. त्यांनी मिशी ओढली. मग म्हणाले, 'सांगतलं असतं तं तुमी घेतलं असतं का?'

सुटका? घरच्या माणसांना आपापली सोंगटी आहे, त्यांना दुसऱ्याची घेता येत नाही. जयवंताने तर कितीदा डोके आपटले आहे. बाहेरचेच माणूस पाहिजे आणि त्याने मनाने घेतले पाहिजे. दान दिलेले परत घेत नसतात, हे त्यांना मी सांगायचे, ते त्यांनी मला सांगितले.

म्हणजे माझी ही सोंगटी कोण घेईल? ज्याचा माझ्यावर जीव आहे तोच. असे जगात एकच माणूस आहे आणि ते पौर्णिमेच्या गाडीने येणार आहे. तिला येऊ द्यायचे नाही, हे आज ठरवले.

मागच्या विहिरीवरच्या फळ्या कोणीतरी काढल्या आहेत. टळटळीत उन्हात जयवंता काठावर बसली आहे. मांडीवर कोरडे धोतर.

वैशाख शुद्ध नवमी.

टांगा बोलावून पळून जाण्याचा प्रयत्न केला. घोडा पळतो, मी बसून राहतो, मग कवड्यांचा काय संबंध, असा माझा युक्तिवाद. पुलावर डोळ्यांपुढे हिरवे झाले. टांगेवाल्याने मला परत आणून ओसरीवर उतरवले आणि पंजाबरावांना म्हणाला, 'सांभाळा बापा तुमच्या पावन्याले. बिलकुल निळा पडला होता.'

त्याच टांगेवाल्यापुढे मी सोंगटी धरली होती. घे म्हणालो. लाज वाटते लिहायला. तो हसला, 'मले काय कराची?' आणि घोड्याला टिचकारी दिली.

हातातली गाठोडी टाकून देता येतात काय, म्हणजे दानातून वजा तरी होणार नाही. आज पटावरून उचलून कोनाड्यात ठेवली. आंघोळीनंतर पाहतो तो माझ्या उपरण्याच्या गाठीत. ओली.

वैशाख शुद्ध दशमी.

आज भगवंतराव जेवायला बसले.

ओळख करून देण्यात आली. सावळे, सडपातळ, केसांत गाळ. जयवंता मागे बसून फणीने तो काढत होती आणि रडत नव्हती, हसतही नव्हती, फक्त काढत होती. पार्बताबाई ताटात वाढतच होत्या. भगवंतरावांनी भाकरी खाल्ली, पाण्याला शिवले नाहीत. माझ्याकडे पाहिले, गर्दीत कोणी उठून जागा दिली की त्याच्याकडे पाहतात तसे. उपकाराने, आणि पुन्हा नजर मिळू नये अशा बेताने.

उठताना मला एवढेच म्हणाले, 'वर पाहू नका महाराज. वर पायलं का जीव जाते.'

या घरात दुष्ट कोणी नाही. ते रोज खेळतील. माझा दम कधी तुटू देणार नाहीत. सज्जनांच्या हाती सापडलेल्याला कोण सोडवणार.

द्वादशी बहुधा.

उंबरठा. त्यापुढे नाही.

कागद ओला राहतो. शाई पसरते. बोटांना सुरकुत्या, धुणे धुतल्यासारख्या. जिभेवर मीठ.

दुपारी दान चांगले पडले होते — पण गाठोडी वजा गेली — उरले काही नाही. पंजाबराव म्हणाले, उद्या पडन. भगवंतही वीस वर्षे हेच ऐकत असेल.

पार्बताबाईंनी माझ्या आवडीचे वरण केले. मिरची नव्हती.

त्रयोदशी.

दुर्गेचे पत्र. पौर्णिमेच्या सकाळच्या गाडीने निघते, स्टेशनवर या.

पंजाबराव स्वतः तारघरात जायला निघाले. पागोटे बांधून समोर उभे राहिले. म्हणाले, 'बाईले येऊ नका म्हनून कळवतो. काय लेहू, सांगा.' खरोखर निघाले होते.

मी म्हणालो, उद्या सांगतो.

चतुर्दशी.

त्यांनी पुन्हा विचारले.

मजकूर जुळवतो आहे म्हणालो. मी — बातमीदार — मजकूर जुळवतो आहे.

'येऊ नको' — दोन शब्द —

खोलीचे छत गोल दिसते. भिंतींचे दगड घामेजलेले. उजेड फक्त वरून येतो आणि मी वर पाहत नाही. माजघर इथून दिसते, पण लांब, पाण्यातून दिसावे तसे हलते. खाटेच्या खाली पाय सोडता येत नाही. काल येत होता.

संध्याकाळी त्यांनी विचारले नाही. आता तार पोचेपर्यंत गाडीची वेळ होऊन जाईल.

पौर्णिमा.

आली. भगवंत टांगा घेऊन गेला होता आणायला. नवी पाने आणली आहेत, लोणचे आणले आहे, पगडी दुरुस्त करणारा कोणी ओळखीचा आहे म्हणाली. मग माझ्याकडे पाहिले आणि बोलायची थांबली. ती बोलायची थांबलेली मी लग्नानंतर पहिल्यांदा —

हात धरून बसली होती. तिचा हात भाजत होता इतका कोरडा.

नंतर जयवंता तिला माजघरात घेऊन गेली. दार उघडे आहे. सगळे सांगते आहे, काही लपवत नाही. एक बाई दुसऱ्या बाईला सांगते तसे, हळू. दुर्गा मध्येच विचारते, मग तुम्ही का नाही घेतलं? — आमाले येत नाई बाई घेता — बाहेरचं लागते —

मी आशा केली होती, ती घाबरेल. घाबरली आहे. पदर खोचला आहे. घाबरली की खोचते.

पाटावर बसली.

पार्बताबाई म्हणतात, बाई, घरी जा, गाडी हाय संध्याकाळची. चांगली माणसे. सगळी माझ्याकडे पाहताहेत. जयवंतासुद्धा. पळी धरून थांबली आहे, मी काय म्हणतो म्हणून.

हात पुढे केला आहे दुर्गेने. माझ्याकडे पाहून मान हलवते — असू दे, असे —

नको म्हणायचे आहे. एक शब्द. दुपारचा डाव नुकताच झाला, तेवढा श्वास छातीत आहे, मी मोजून पाहिला, पुरतो.

बुडायची भीती आता नाही वाटत. खरी काळजी सांगतो. श्वास पुरत असूनही मी नको म्हणणार नाही. तारेच्या वेळीही मला ते माहीत होते. मी गप्प बसणार आहे आणि ती —

पाणी सोडले —

दुर्गे, तो शब्द उच्चारू —